पुसलेले पाय

दीपश्रीनं चित्रावर बोट दाबून धरलं, कचऱ्याच्या डब्याची खूण वर आली तशी तिच्यावर टेकवलं, आणि 'नक्की काढू?' या प्रश्नाला हो म्हटलं. चित्र गेलं. काळ्या काचेत तिचाच चेहरा उरला, घामेजलेला, टिकली सरकलेली. तिनं पदराच्या टोकानं काच पुसली आणि टॅबलेट बाकावर पालथा घातला.

थोड्या वेळानं सुलटा करून पाहिला. चित्र परत आलं होतं.

"मेल्या, तुला घर नाही का?" ती त्याला म्हणाली.

चौथीचा वर्ग रिकामा होता. तोंड धुऊन, चांगले कपडे घालून, आईबापांसकट दुपारी हॉलमध्ये या, असं सांगून मुलांना घरी पाठवलं होतं. शाळा म्हणजे विठ्ठल मंदिरामागच्या मोजक्या खोल्या, हॉलही मंदिराचाच, मधे एक भिंत. भिंतीपलीकडून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. मैसूरमधल्या मराठी शिंप्यांनी कधीतरी आपल्या पोरांसाठी काढलेली ही शाळा. आता त्याच शिंप्यांची पोरं पिवळ्या बसमधून मोठ्या शाळांत जात, आणि इथं उरत ती, ज्यांच्या गल्लीत बस वळत नाही.

दारातून रजनी आत आली. टॅबलेट देणाऱ्या संस्थेची ती माणूस. नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली, हूटगळ्ळीला नव्या घरांत राहणारी. तिचं मराठी इस्त्री केलेलं असे. तिच्यासमोर दीपश्रीला आपलं मराठी बोचक्यातून काढल्यासारखं वाटे.

"दीपश्रीताई, ती लांब केबल इथे आहे का? प्रोजेक्टरची?"

"आहे की. मॅडम, एक सांगू? अमूल्याचं चित्र नको. धनुषचं दाखवू या. त्याचं विमान भारी आलंय."

"विमान सगळीच मुलं काढतात हो. आणि अमूल्याचं चित्र आमच्या ट्रस्टींनी, चेन्नईच्या बाईंनी, स्वतः निवडलंय."

"मग नुसतं चित्र दाखवा. ते रिप्ले-बिप्ले बेड."

'बेड' म्हणजे नको, एवढं कन्नड रजनीला आता येत होतं. ती हसली आणि बाकावर टेकली.

"अहो, रिप्लेसाठीच तर या ॲपची निवड केली. तयार चित्र काय, कुणीही दाखवतं. मूल पहिली रेघ कुठे मारतं, कुठे अडतं, काय पुसतं, हे सगळं ॲप आपोआप साठवून ठेवतं. ते पळवून दाखवलं की मुलाचा विचार दिसतो."

"पुसलेलं पण दिसतं?"

"पुसलेलं तर आधी दिसतं."

"आणि इथून काढून टाकलं तर?"

"टॅबवरून जाईल. पण मूळ प्रत वर, सर्व्हरवर असते. नेट आलं की परत येतं."

"हां," दीपश्री म्हणाली. "येतं."

रजनी केबल गुंडाळत उठली. दारात थांबून म्हणाली, "घाबरू नका हो. चेन्नईच्या बाईंनी मान हलवली की अजून दोन वर्षं टॅब इथेच. शिवाय एक नवीन शिक्षिका. सगळं तुमच्या वर्गावर आहे."

ते दीपश्रीला ठाऊक होतं. मान हलली नाही तर काय, तेही ठाऊक होतं. टॅबलेट आल्या पावली परत जातील, टॅबलेटसाठी थांबलेले पालक त्यांच्यामागोमाग जातील, आणि उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागेल. समाजाचे अध्यक्ष फत्तेसिंगराव गेल्या आठवड्यात एका केटररला घेऊन आले होते. तो तिच्या वर्गात उभा राहून भिंतीला टकटक करत म्हणाला होता, "ही वधूची खोली छान होईल."

तिनं अमूल्याचा टॅबलेट पदराखाली घेतला आणि हॉलकडे गेली. लपवून काही होणार नव्हतं, तरी घेतला.

हॉलच्या खिडक्यांना काळं अस्तर लावायचं काम चाललं होतं, उजेड यायला नको म्हणून. दुसऱ्या कुणी टाचण्या मारल्या असत्या. इथं अंबूताई, दीपश्रीची आई, स्टुलावर बसून पडद्याच्या कडेला अस्तराला धावदोरा घालत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सुई मात्र सरळ.

"आई, मी लहानपणी शिवलेलं तू उसवायचीस ना?"

"आज काय निघालं हे?"

"सांग की."

"उसवायची. कोण नाही उसवत? गिऱ्हाईक काय पोरीचे वाकडे टाके घालून फिरणार? तू झोपलीस की उसवायचं, परत शिवायचं, सकाळी म्हणायचं, शाब्बास, काय सुंदर शिवलंस." अंबूताईनं दोरा दातानं तोडला. "माझ्या आईनं माझं उसवलं. पोराचं मन मोडायला नको, कापड पण वाया जायला नको. यात विचारायचं काय आहे?"

"आणि पोराला कळलं तर?"

"कळू द्यायचं नसतं. तेच तर कसब."

दीपश्रीला कळलं होतं. पांढऱ्या साडीला फॉल लावताना सुई बोटात घुसली होती आणि कडेला तांबडा ठिपका पडला होता. सकाळी शाब्बास म्हणून तीच साडी आईनं समोर धरली. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, आणि ठिपका कुठंच नाही. त्यानंतर तिनं गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावला नाही. घरातले म्हणाले, पोरीला अभ्यासाची आवड आहे.

आणि तरीही तिनं तेच केलं होतं. पहिल्यांदा फक्त एक रेघ. टॅबलेट आले त्या महिन्यात, मुलं घरी गेल्यावर, चार्जिंगला लावता लावता तिनं कुणाच्या तरी घराचं कलतं छप्पर सरळ केलं होतं. रजनीचा फोन आला, ताई, वा. मग तिनं एका झाडाला पानं दिली. एका म्हशीला चौथा पाय. हळूहळू रोजची संध्याकाळ त्यातच जाऊ लागली. वाकडं दिसलं की बोट थांबत नसे, घरातच पडलेली सवय. शिवाय तिचा हातही बसत गेला होता. सावली कशी द्यायची, रंगावर रंग कसा चढवायचा, हे ती कुणाला न विचारता शिकली होती, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिला आवडत. सकाळी ती चित्रं मुलांना दाखवून म्हणे, शाब्बास. मुलं एकमेकांकडे बघत. हल्ली ती टॅबलेट लवकर परत करत. दीपश्रीला वाटे, हात बसला पोरांचा.

खुर्च्यांच्या रांगा सरळ करत फत्तेसिंगराव फिरत होते. डोक्यावर जरीची टोपी, खिशात टेप. दुकान मुलाकडे देऊनही टेप काही सुटला नव्हता. दीपश्री त्यांना खांबाआड घेऊन गेली आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, खालच्या आवाजात.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तू पोरांच्या कामावर हात फिरवलास."

"हो अण्णा."

"मग? मास्तरनं हात फिरवला म्हणून कापड शिकाऊचं राहत नाही का?"

"त्यांच्यात नाही राहत. त्यांच्यात ह्याला फसवणूक म्हणतात. आता सगळं दिसणार, पडद्यावर, एवढं मोठं. अण्णा, मेन स्विच काढा की. करंट गेला म्हणा. रोज जातो."

"आणि आत बारा भांड्यांचा बिसीबेळे भात तयार आहे, पाहुणे अंधारात जेवणार?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "हे बघ दीपा. मला ह्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं, आज ती चेन्नईची बाई खूश होऊन गेली तर मला त्या केटररला नाही म्हणता येतं. मलाही काय हौस आहे होय, पोरांच्या खोलीत नवरीची पेटी ठेवायची? तू तोंड मिटून बस. देवाच्या दारात आहोत, तो बघेल."

"तो बघेल म्हणूनच तर भीती आहे," ती म्हणाली.

पाहुणे आले. चपला बाहेर काढताना चेन्नईच्या बाई क्षणभर गोंधळल्या, मग अनवाणी, पांढरे आखूड केस सावरत पुढच्या रांगेत बसल्या. त्यांना इंग्रजी आणि तमिळ येत होतं. इथल्यांना कन्नड आणि जमेल तसं मराठी. मधे रजनी. मुलं एका बाजूला सतरंजीवर, मागे पालक. अमूल्याला मात्र मान म्हणून पडद्याजवळ खुर्ची दिली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिचा बाप पुनीत दाराशी बसला होता. गोकुलममध्ये योग शिकायला येणाऱ्या गोऱ्यांच्या ढगळ विजारी शिवायचा तो. दुकान बंद करून आला होता, शर्टावर अजून दोऱ्याचे तुकडे.

दिवे बंद केले. रजनीच्या टॅबलेटवरून पडद्यावर आधी चित्र आलं, तयार. घराची स्वच्छ खोली, मशीनवर बसलेला हसरा बाप, शेजारी पुस्तक धरलेली मुलगी, खिडकीत सूर्य. सावल्यासुद्धा बरोबर. खाली नाव: अमूल्या, इयत्ता चौथी. विषय: माझ्या घरातली जागा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता हेच चित्र जन्माला येताना पाहू," रजनी म्हणाली.

दीपश्रीनं खांबाला पाठ लावली.

पडदा पांढरा झाला. एक रेघ आली, काळी, जाड, न थांबता. रेषा आपोआप उमटत होत्या, ओढणारा हात दिसत नव्हता. आधी काय आहे ते कुणाला कळेना. मग वर एक फळी झाली, तिला खालून पट्टा, पट्ट्याला चाक. आणि मधोमध पाय. दोन प्रचंड पाय, घोट्यापर्यंत, पडदाभर. मशीनच्या पायडलवर टेकलेले, बोटं फाकलेली, डाव्या पायाचा अंगठा वाकडा. मशीनखाली बसलेल्या कुणाला दिसतील तसे. वरून दोरे पडत होते, लाल, हिरवे, वाटेल तसे, पावलांवर, पावलांच्या मधे.

"अय्यो, पुनीतचा पाय," मागून कुणीतरी बायकी आवाजात म्हणालं आणि हशा झाला. पुनीतच्या शेजारचा वाकून त्याच्या पायाकडे बघू लागला. पुनीतनं पाय खुर्चीखाली ओढले. हसला नाही. पडद्याकडे बघत राहिला.

दीपश्रीला ती संध्याकाळ आठवली. पाहुण्यांना पाय काय दाखवायचे, असं तिच्या मनात आलं होतं. एवढंच आलं होतं.

पडद्यावर पांढरा पट्टा फिरला. अंगठा गेला. मग बोटं, मग टाच. खोडरबर सावकाश, नीटनेटकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं पुसत गेलं. दोरे शेवटी गेले. आता, दीपश्रीनं मनात म्हटलं, आता बोलतील.

रजनीनं चित्र थांबवलं.

"हा क्षण बघा," ती म्हणाली, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि तिचा आवाज खरंच भरून आला होता. "एवढं काढल्यावर या मुलीला वाटलं की नाही, हे अजून चांगलं होऊ शकतं. आणि तिनं धीर करून सगळं पुसलं. मोठ्यांनाही जमत नाही हे. टॅबनं तिला काय दिलं? चुकायचा आणि सुधारायचा धीर."

चेन्नईच्या बाई पुढे झुकल्या. पडद्यावर पुन्हा रेषा धावल्या. खिडकी, सूर्य, हसरा बाप. कुणालाच काही कळलं नव्हतं. रेघेवर बोटाचा ठसा राहत नाही. सुटले, असं म्हणायला दीपश्रीनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं, कारण बाईंनी अमूल्याला काहीतरी विचारलं होतं आणि रजनी ते मराठीत करत होती.

"मॅडम विचारतायत, तू ते पाय का पुसलेस गं?"

अमूल्यानं दीपश्रीकडे पाहिलं नाही. कुणाकडेच नाही. पडद्यावरच्या सूर्याकडे बघत ती म्हणाली,

"चुकलं होतं."

मोठ्या टाळ्या पडल्या. बाईंनी मान हलवली. एकदा नव्हे, चांगली हलवली, आणि शेजारच्या गृहस्थांच्या कानात बोलल्या. त्यांचा होकार कागदावर यायच्या आधीच फत्तेसिंगरावांनी माइक धरला. पांडुरंगाच्या कृपेनं, म्हणाले, अजून दोन वर्षं, आणि नवीन टीचर, आणि आता सगळ्यांनी जेवल्याशिवाय जायचं नाही. दिवे लागले. त्यांनी हात लांब करून माइक दीपश्रीकडे दिला. "मिस दोन शब्द बोलतील. दोनच, भात थंड होतोय."

आभार मानायचे होते. तिला ते शब्द पाठ होते, कन्नड, मराठी आणि थोड्या इंग्रजीतही. ती पुढे आली. समोर अमूल्या बसली होती. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते आणि त्यांच्यावर घट्ट बसली होती.

दीपश्री त्या हातांकडे, म्हणजे जिथं ते दिसत नव्हते तिथं, बघत राहिली. भाताचा वास आला. कुणीतरी खोकलं.

"मॅडम," ती रजनीला म्हणाली, "जरा मागं घ्या."

"मागे?"

"पुसायच्या आधी."

रजनीनं बोटानं चित्र मागं ओढलं. सूर्य मावळला, बाप गेला, खोली रिकामी झाली. मग टाच आली, बोटं आली, दोरे आले.

"इथं थांबवा."

दिव्यांच्या उजेडात पाय फिकट दिसत होते, तरी होते.

"इथवर अमूल्याचं आहे," दीपश्री म्हणाली. माइकमधून आपला आवाज परका येतोय असं तिला वाटलं. "पुढचं मी काढलं. पुसलं ते पण मीच. सगळ्या पोरांचं मीच पुसत होते. तिचं काही चुकलं नव्हतं."

पंखे ऐकू यायला लागले. दाराशी अंबूताई उभी होती, तिच्या हातातली सुई तशीच.

"म्हणजे काय," फत्तेसिंगराव माइकशिवायच म्हणाले, सगळ्यांकडे बघून हसत, "मिसनं जरा हात फिरवला, सुम्मने, असंच—"

"फिरवला नाही अण्णा. पुसलं."

त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पुनीत उठून उभा राहिला होता, का ते बहुधा त्यालाही माहीत नव्हतं. चेन्नईच्या बाईंनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रजनीच्या बाहीला हात लावला. काय म्हणतायत त्या, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

रजनीचा चेहरा उतरला होता. तिनं दीपश्रीकडे पाहिलं, रागानं नव्हे. उतरताना जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं. तिनं तोंड उघडलं.

"मिस," अमूल्या म्हणाली.

"काय गं?"

"ते पुरं नव्हतं झालं."

"काय राहिलं?"

"नख. अप्पाच्या या अंगठ्याचं नख काळं आहे. हातोडी पडली होती की, तेव्हापासून." तिनं मांडीखालून एक हात काढला आणि हवेत दाखवलं. "आणि दोरे इथपर्यंत येतात. माझ्या डोक्यावर पण पडतात. ते काढायचं होतं, तर बेल झाली."

"मग काढ."

अमूल्यानं बापाकडे पाहिलं. पुनीतनं खाली, स्वतःच्या पायाकडे पाहिलं, आणि मान हलवली. ती खुर्चीवरून उतरली, रजनीच्या टेबलापाशी गेली, टाचा उंच करून टॅबलेट आपल्याकडे ओढला. रंग शोधायला तिला वेळ लागला. मग पडद्यावर त्या वाकड्या अंगठ्याच्या टोकाला एक काळा ठिपका आला आणि हळूहळू मोठा होऊ लागला. सतरंजीवरची मुलं गुडघ्यांवर उठून बघू लागली.

चेन्नईच्या बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं.

रजनी पडद्याकडे बघत होती.

"ती म्हणतेय," रजनी इंग्रजीत म्हणाली, "की चित्र अजून पूर्ण झालेलं नाही."

"आणि शिक्षिका? त्या काय म्हणाल्या?"

रजनीनं दीपश्रीकडे पाहिलं. माइक अजून दीपश्रीच्याच हातात होता. तिनं तो तोंडाशी नेला आणि इंग्रजीतला पहिला शब्द शोधू लागली.